आधी पाणी, मग मासे

आमच्या परसातला पहिला हौद बांधून झाला तो ऐन वैशाखात. गवंड्याने आतून सिमेंटची घोटाई अशी केली होती की बोट फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं वाटे. आठ दिवस त्यावर पाणी मारलं, मग नळाला पाइप लावून हौद काठोकाठ भरला आणि त्याच संध्याकाळी बारा गोल्डफिश आणून सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. कल्ले भराभर हलत होते आणि अंगावर दुधाची पातळ साय धरावी तसा पांढुरका थर आला होता. तिसऱ्या दिवशी बाराही पाण्यावर आडवे. आईने ते गोळा करून केळीच्या बुंध्याशी पुरले आणि म्हणाली, "अरे, नव्या हौदात आधी केळीचे खुंट टाकून ठेवायचे असतात. पहिलं पाणी आम्ही गुरांनासुद्धा पाजत नव्हतो."

घरामागे माशांचं तळं करायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच गोष्ट सांगतो. मासे कुठले आणायचे, कारंजं लावायचं का, दिवे कुठे बसवायचे हे प्रश्न पुढचे. आधी महिनाभर नुसतं पाणी सांभाळायचं. ते जमलं की मासे सांभाळणं फारसं अवघड राहत नाही.

त्या बारा माशांना तीन गोष्टींनी मिळून मारलं होतं. पहिली चुना. सिमेंट घट्ट होताना त्यातून चुना सुटतो आणि पाण्यात उतरतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर शेतकरी जो सामू वाचतात, तोच पाण्यालाही असतो. बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांना साडेसहा ते साडेआठ सामू मानवतो. चुन्याच्या निवळीचा सामू बाराच्या वर जातो. सामूच्या मापात एकाने वाढ म्हणजे दहापट फरक, त्यामुळे नव्या हौदातलं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी माशाच्या कल्ल्यांना आणि कातडीला भाजतं. केळीचा खुंट पाण्यात कुजतो तेव्हा कर्बवायू आणि सौम्य आम्लं सुटतात, मोकळ्या चुन्याशी त्यांचा संयोग होतो आणि त्याचा दाहकपणा जातो. आईला यातलं रसायन माहीत नव्हतं, पण उपाय चोख होता. आजही मत्स्यबीज केंद्रांवर नव्या सिमेंटच्या टाक्यांत केळीचे खुंट टाकतात. हौद भरायचा, खुंटाचे तुकडे करून टाकायचे, आठवड्याने वास मारू लागलेलं ते पाणी झाडांना न देता गटारात सोडायचं, पुन्हा भरायचा. असं तीनदा तरी करावं. शेवटी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने सामू तपासावा. सामू साडेआठच्या खाली येऊन चार दिवस तिथेच राहिला तर हौद तयार झाला असं समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट क्लोरीन. नळाचं पाणी आपल्याला सुरक्षित राहावं म्हणून त्यात क्लोरीन घालतात. तेच माशांच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतं. उघड्या भांड्यात पाणी दोन दिवस उन्हात ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात 'हायपो' नावाचे खडे मिळतात, सोडियम थायोसल्फेटचे. त्यांची चिमूट पुरते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ही भानगड नाही. पण बोअरच्या पाण्यात प्राणवायू अगदी कमी असतो. म्हणून ते उंचावरून धारेने पाडावं, थेट तळाशी सोडू नये.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि तीच समजून घ्यायला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. मासा अमोनिया बाहेर टाकतो, मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत हे सगळं वाहून जातं, विरतं. हौदात ते साठतं. जुन्या, मुरलेल्या तळ्यात मात्र भिंतीवरच्या बुळबुळीत थरात, दगडांवर, मुळांवर दोन प्रकारचे जिवाणू वस्तीला असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात. ते नायट्राइटही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे वनस्पतींचं खत. ही साखळी बसायला आपल्याकडच्या उबदार हवेत तीन ते पाच आठवडे लागतात. थंडीत जास्त. नव्या कोऱ्या हौदात यातलं काहीच नसतं. त्यात सामू चढा आणि ऊन कडक असलं की त्याच अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात राहतो. वैशाखातला नवा सिमेंटचा हौद म्हणजे तिन्ही अवगुणांचं एकत्र घर.

यावर उपाय स्वस्त आहे. ओळखीत कुणाचं जुनं, निरोगी तळं असेल तर तिथून बादलीभर गाळमिश्रित पाणी आणि शेवाळलेले दोन-चार दगड आणावेत. आपल्या हौदात टाकावेत आणि मासे नसतानाही रोज माशांच्या खाण्याची एक चिमूट पाण्यात टाकत राहावं. हे खाणं जिवाणूंसाठी. महिन्याने भिंतीवरून हात फिरवला की आधीची काच जाऊन बुळबुळीत मखमल लागते. ती मखमल ब्रशने घासून काढायची नाही. पाहुणे येणार म्हणून आमच्या एका शेजाऱ्यांनी ती घासून काढली, हौद आरशासारखा केला आणि आठवडाभर मेलेले मासे काढत बसले.

घराशेजारी पाणी आणि पाण्यात मासे ही हौस आपल्या मुलखाला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, याने इ.स. 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरणच आहे. कुठले मासे समुद्रातले, कुठले नदीतले, कुणाला काय खायला आवडतं याची त्यात नोंद आहे. राजाचा हेतू गळ टाकून मासे धरण्याचा होता हे खरं, पण ज्याने हे लिहिलं त्याने माशांकडे फार वेळ बघितलं असणार. पुढे पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी बंदिस्त नळांनी पुण्यात आलं आणि वाड्यावाड्यांत हौद भरू लागले. आज आपण परसात जे करतो ते त्या हौदाचंच लहान रूप.

आता जागेचं. तळ्याला सकाळचं चार-पाच तास ऊन हवं आणि दुपारी सावली हवी. म्हणजे घराच्या पूर्वेची बाजू सर्वांत बरी. झाडाखाली हौद नको. आपल्याकडे पानगळ माघ-फाल्गुनात होते आणि त्या दोन महिन्यांत चिंच किंवा बदाम हौदात इतका पाला टाकतात की तळाशी काळा, कुजका वास येणारा थर बसतो. कण्हेर तर जवळपाससुद्धा नको. तिचं पान, फूल, चीक सगळंच विषारी. घरातून, शक्यतो स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तळं दिसावं असं मला वाटतं. रोज नजर पडली तर बिघाड पहिल्याच दिवशी कळतो.

जमिनीप्रमाणे बांधकाम बदलतं. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात विटांचा हौद दोन-तीन वर्षांत हमखास तडकतो. तिथे खड्डा मुरुमापर्यंत न्यावा किंवा सिमेंटचा नाद सोडून शेततळ्याचा कागद अंथरावा. 500 मायक्रॉन जाडीचा हा कागद आता तालुक्याच्या गावीही मिळतो. कोकणात जांभा खणायला सोपा, भिंती ताठ उभ्या राहतात, पण तो पाणी धरत नाही. तिथेही कागदच बरा, किंवा चिऱ्यावर आतून गिलावा. कागदाखाली जुनी गोणपाटं, सतरंज्या नाहीतर चार बोटं बारीक वाळू घालावी, म्हणजे खडा टोचत नाही. कागद किती लागेल याचा हिशेब सोपा. लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि दोन्ही काठांना दाबायला एकेक फूट. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल खड्ड्याला साधारण 4.8 मीटर बाय 3.8 मीटर कागद लागतो. असं तळं उताराच्या बाजू धरून अडीच-तीन हजार लिटर पाणी धरतं. घरासाठी हे माप मला योग्य वाटतं. याहून फार लहान हौद एप्रिलमध्ये दुपारपर्यंत कोमट होतो आणि रात्री गार पडतो. ही रोजची चढउतार माशांना थकवते.

काठ समपातळीत येण्यासाठी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरावी, डोळ्यांवर विसंबू नये. दोन बोटांचा फरक कोरड्या खड्ड्यात कळत नाही; पाणी भरलं की एका बाजूला कागद उघडा पडतो आणि उन्हाने पिचतो. काठ आसपासच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवावा. नाहीतर पहिल्या पावसात अंगणातली माती, खत, गुलाबावर फवारलेलं औषध सगळं तळ्यात उतरतं. त्यातली काही कीटकनाशकं माशांना इतकी जहाल असतात की थेंबभरही पुरे. जादा पाणी जायला वरच्या अंगाला जाळी लावलेला पाइप ठेवावा, नाहीतर आषाढातल्या एका रात्री मासे गटारात. आणि लहान मुलं घरात असतील तर पाण्याच्या पातळीखाली दोन बोटांवर लोखंडी जाळी बसवल्याशिवाय तळं भरूच नये. गुडघाभर पाणीही रांगत्या मुलाला पुरतं. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

पाणी फिरतं ठेवायला मोठी यंत्रणा लागत नाही. कूलरला असतो तसा 18 वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला 13 युनिट वीज खातो. त्याची जोडणी मात्र गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवरूनच घ्यावी. पंपाचं पाणी एका पिंपात चढवायचं, पिंपात खालून वर अशी खडी, विटांचे तुकडे, नायलॉनच्या घासण्या भरायच्या आणि वरून पाणी परत तळ्यात पडू द्यायचं. पिंप म्हणजे जिवाणूंची चाळ. ते धुवायची वेळ आली तर तळ्याच्याच पाण्यात हलकं खळबळून घ्यायचं. नळाखाली धरलं की महिन्यांची वस्ती क्लोरीनने एका मिनिटात उठते.

माझ्या तळ्यात पिंपानंतर पाणी एका उथळ सारणीतून जातं आणि त्या सारणीत अळू लावलेलं आहे. ही कल्पना माझी नाही. मोरीच्या सांडपाण्यावर अळू लावायची पद्धत आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या परसात दिसेल. मोरीतलं पाणी अळू शोषून घेतं आणि भाजीही देतं. तळ्यातलं नायट्रेट अळूला तसंच आवडतं. पहिल्या वर्षी माझ्या तळ्याचं पाणी हिरवंगार होतं. अळू फोफावल्यावर दोन महिन्यांत निवळलं. जोडीला वेखंड लावावं. पाण्यात हायड्रिला आणि कुमुदिनी असावी. कमळ फार पसरतं, त्याला वेगळी कुंडीच बरी. निम्मं पाणी पानांनी झाकलं की शेवाळाला ऊन मिळत नाही. नर्सरीत फुगीर देठांची, जांभळ्या तुऱ्याची एक देखणी वनस्पती हौसेने विकतात. ती जलपर्णी. कोल्हापूरचा रंकाळा, पुण्याजवळच्या पवना आणि इंद्रायणी तिने कशा झाकून टाकल्या ते आपण पाहतोच. तिचा एक कोंबही घरी आणू नये.

पाणी किती हिरवं चालेल? मत्स्यशेती करणारे कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तळवा बघतात. तळवा दिसला तर ठीक. मनगटाशीच हात दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालं. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेही श्वास घेतं. 20 अंशांना लिटरभर पाण्यात फार तर 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. म्हणून सगळ्यात धोक्याची वेळ पहाटेची, त्यातही ढगाळ दिवसानंतरची. श्रावणात एकदा पाचला उठलो तेव्हा तळ्यातून मंद चपचप असा आवाज येत होता. विजेरी मारली. सगळे मासे तोंडं वर काढून पाण्याच्या पापुद्र्याशी हवा ओढत होते, आणि रात्रभर वीज गेल्याने पंप बंद होता. मी आणि बायकोने तांब्या आणि कळशी घेतली, तळ्याचंच पाणी खांद्याइतक्या उंचीवरून पुन्हा तळ्यात ओतत राहिलो. उजाडेपर्यंत. दर ओतण्यासरशी बुडबुडे खोल जात आणि मासे तिकडे सरकत. एकही गेला नाही.

आता मासे. सुरुवातीला गोल्डफिश घ्यावेत, तेही साध्या लांबट बांध्याचे. फुगीर पोटाचे, बाहेर आलेल्या डोळ्यांचे प्रकार उघड्या तळ्यात टिकत नाहीत. एकाला शंभर लिटर पाणी धरावं, म्हणजे आपल्या तळ्यात वीस-पंचवीस. कोईचा मोह सगळ्यांना होतो. जपानमधल्या निगाता भागात डोंगरातल्या भातशेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात काळपट कार्पमधून हे रंग निवडून काढले आणि 1914 सालच्या तोक्योच्या प्रदर्शनानंतर ते जगाला माहीत झाले. पण कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, एकेकाला हजार लिटर पाणी हवं आणि तो कुमुदिनीची मुळं उकरतो. बोटाएवढा असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत तो फसवा दिसतो. रोहू-कटला तर घरच्या तळ्यात नकोतच.

नवा मासा पिशवीसकट पाव तास पाण्यावर तरंगत ठेवावा, मग पिशवीत थोडं थोडं तळ्याचं पाणी मिसळत जावं. पण त्याही आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात. तिथे लिटरला 3 ग्रॅम जाडं मीठ घातलं तर अंगावरचे बरेचसे बारीक परजीवी गळतात. मीठ टबातच, तळ्यात नको. वनस्पतींना ते सोसत नाही.

डासांचं काय, हा प्रश्न आरोग्यसेवक दारात उभं राहून विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. तळं कोरडं करता येत नाही. तिथे मासेच पहारा करतात. सरकारी केंद्रातून मिळणारे गप्पी मूळचे त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेतले. 1866 साली रॉबर्ट गप्पी नावाच्या निसर्गअभ्यासकाने त्रिनिदादहून ते लंडनच्या संग्रहालयाला पाठवले, म्हणून हे नाव. मादी दर महिन्याला पिल्लंच घालते आणि नर नसतानाही काही महिने घालत राहते. आपल्याकडच्या ओढ्यांत आणि भातखाचरांत मात्र याच कामाचा आपला मासा आहे. पाण्याच्या पृष्ठभागालगत काडीसारखा स्थिर राहणारा, डोक्यावर रुपेरी टिकली असलेला. तो मिळाला तर माझी पसंती त्यालाच, कारण आमच्या तळ्यातून तो ओढ्यात निसटला तरी आपल्याच घरी जातो. परक्या माशांचं तसं नाही. 1952 साली भारतात आणलेल्या चिलापीने उजनीच्या जलाशयात काय पसारा मांडला ते तिथल्या मच्छीमारांना विचारावं. कंटाळा आला म्हणून गोल्डफिश नदीत सोडणं हे पुण्य नव्हे, नदीचा अपराध आहे. ओढ्यातलं कासव आणून हौदात ठेवायचीही चाल आहे. आता तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो.

खाणं दिवसातून एकदा, तीन मिनिटांत संपेल एवढंच. चुरमुरे, पोळीचे तुकडे, कणकेच्या गोळ्या टाकायची सवय देवळाच्या कुंडावरून आपल्याला लागलेली असते. घरच्या तळ्यात ते सगळं तळाशी कुजतं. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर माशांचं भलंच होतं.

उन्हाळ्यात तळ्याचं दिवसाला साधारण सेंटिमीटरभर पाणी उडतं. सहा चौरस मीटरच्या तळ्यातून ते साठ लिटर. नुसती भर घालत राहिलं तर क्षार साठत जातात, म्हणून आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून झाडांना द्यावं आणि तेवढं मुरवलेलं नवं भरावं. काळ्या जमिनीत पावसाळ्यात तळं कधी रिकामं करू नये. खालचं पाणी कागदाला फुगवून वर उचलतं.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर बेडूक येतात, कुणी न बोलावता. चतुर येतात, त्यांच्या पाण्यातल्या अळ्या डासांची पोरं खातात आणि माशांचीही. ढोकरी येते. ती काठावर दगडासारखी उभी असते आणि मासा गेल्यावरच तिचे पांढरे पंख दिसतात. तिच्यासाठी मी काठ उथळ ठेवला नाही आणि तळाशी आडवी मातीची कौलं लावली, माशांना दडायला. एकदा दिवडही आली होती. तिला बेडूक हवे होते. दोन दिवस राहिली, गेली.

दिवाळीनंतर आभाळ निवळलं की गाळ काढतो. सगळा नाही, निम्माच. घमेल्याने काढलेला तो काळा, गुळगुळीत गाळ केळीच्या आळ्यात घालतो. ते बारा मासे पुरले होते त्याच केळीच्या. गेल्या मार्गशीर्षात तिचा घड इतका जड झाला की बांबूचा टेकू द्यावा लागला, आणि घड उतरवल्यावर खुंट कापून आई म्हणाली, "टाकू नको. पलीकडच्या घरी नवा हौद बांधतायत."